फाइल-डिरेक्टरीचं प्रॅक्टिकल: रीडडिर नाव देतं, पत्ता देत नाही

सी भाषा येत असेल आणि पॉइंटरची धास्ती गेली असेल, तर लिनक्सवरची ओपन, रीड, राइट, क्लोज ही चौकडी आठवडाभरात हाताशी येते. रडवतं ते पुढचं प्रॅक्टिकल: डिरेक्टरी उघडा, आतल्या प्रत्येक फाइलचा आकार छापा, मग पोटातल्या डिरेक्टऱ्यांतही शिरा. इथे आल्यावर सिनियरच्या जर्नलची शोधाशोध सुरू होते. नका शोधू. त्यातला प्रोग्राम बहुधा चालू डिरेक्टरीवरच चालवून पाहिलेला असतो, आणि नेमकी तीच तपासणी फसवी आहे.

तपासणीसाठी स्वतःचं झाड उभं करा. ‘गोवा’ नावाची डिरेक्टरी, तिच्यात सत्तरी, डिचोली, फोंडा, पेडणे अशा चार, आणि प्रत्येकीत ‘यादी’ नावाची एकेक फाइल. चारही याद्यांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवा: 10, 20, 30, 40 बाइट. का, ते पुढे कळेल.

आता तुमचा प्रोग्राम ओपनडिरने ‘गोवा/सत्तरी’ उघडतो, रीडडिर एकेक नोंद देतं, आणि त्या नोंदीतलं डी_नेम (नावाचा रकाना) तुम्ही सरळ स्टॅटच्या, म्हणजे फाइलचा आकार सांगणाऱ्या कॉलच्या, हाती देता. सत्तरीतच उभं राहून प्रोग्राम चालवलात तर सगळं सुरळीत. बाहेर येऊन चालवलात की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डोळ्यांसमोर आहे, रीडडिरनेच तिचं नाव दिलंय, आणि स्टॅट म्हणतं ती नाहीच! डोकं फिरतं ते इथेच. डी_नेममध्ये फक्त ‘यादी’ एवढंच असतं; ‘गोवा/सत्तरी/यादी’ नसतं. ते नाव स्टॅट शोधतं प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत. ओपनडिरने कितीही डिरेक्टऱ्या उघडल्या तरी प्रोसेसची चालू डिरेक्टरी जागची हलत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, सगळी मेख त्यातच आहे.

ओळखायची खूण पक्की आहे. आउटपुटमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं या दोनच नोंदींचे आकार छापले गेले आणि बाकी सगळ्यांना एरर आली, तर हाच घोळ. ही दोन नावं (ती डिरेक्टरी स्वतः आणि तिच्या वरची) प्रत्येक डिरेक्टरीत असतात, म्हणून ती सापडल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात छापलेले आकार सत्तरीचे नसतातच, तुम्ही जिथे उभे आहात तिथले असतात.

एरर आली तर नशीब समजा. तुमच्या चालू डिरेक्टरीतही ‘यादी’ नावाची फाइल असेल, तर एरर येणार नाही. चारही तालुक्यांसमोर एकच आकार छापला जाईल आणि प्रोग्राम शून्य परत करून शहाण्यासारखा संपेल. म्हणून याद्यांचे आकार वेगळे ठेवायचे. पुढच्या प्रॅक्टिकलला स्टॅटच्या जागी अनलिंक येतं, तेव्हा याच घोळात भलतीच फाइल उडते. इथे रिसायकल बिन नाही.

उपाय अवघड नाही. डिरेक्टरीचा मार्ग, तिरपी रेघ आणि डी_नेम एसएनप्रिंटएफने जोडा आणि तो पूर्ण मार्ग एलस्टॅटला द्या (स्टॅटचाच भाऊ, तोच का ते पुढे येतं). एसएनप्रिंटएफने परत दिलेला आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा जास्त असेल तर मार्ग कापला गेलाय. ती नोंद वगळा आणि तसं छापा. बफर 256 बाइटांचा घेऊ नका. चॅटबॉटनं लिहून दिलेल्या कोडमध्ये हा आकडा हमखास असतो. लिनक्सवर नुसतं नावच 255 बाइटांचं असू शकतं. त्यात शेवटचा शून्य बाइट धरला की 256 संपले, डिरेक्टरीच्या मार्गाला जागाच उरली नाही. 4096 घ्या. देवनागरी नावं ठेवणाऱ्यांनी तर आणखी जपावं: यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणून ‘म्हापसा’ एवढ्याशा नावाचे 21 बाइट होतात.

‘चडिरने (चालू डिरेक्टरी बदलणारा कॉल) आत जा, काम कर, परत ये’ हा आडमार्ग कुणीतरी सुचवेलच. माझं मत स्पष्ट आहे: वापरू नका. मध्येच परवानगी नाकारली गेली की परतीची वाट चुकते, आणि थ्रेड वापरलेत तर चालू डिरेक्टरी सगळ्यांची एकच असते. खरा नीट मार्ग एफस्टॅटअॅटचा. त्याला उघड्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (कर्नलने दिलेला क्रमांक) आणि नुसतं नाव दिलं की पुरतं, मार्ग जोडायचं कामच नाही. पण आधी एकदा हाताने जोडून बघा, नाहीतर तो कॉल कशासाठी आहे हे उमगणार नाही.

पोटातल्या डिरेक्टऱ्यांत शिरताना टिंबाच्या दोन्ही नोंदी वगळा, नाहीतर प्रोग्राम स्वतःभोवतीच फिरत राहील. स्टॅटऐवजी एलस्टॅट एवढ्यासाठी की स्टॅट सिमलिंकच्या (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) पलीकडे जातं, आणि लिंक वरच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवत असेल तर पुन्हा तीच गरगर. क्लोजडिर विसरलात तर पाच डिरेक्टऱ्यांच्या झाडावर काही कळणार नाही. डिस्क्रिप्टरची नेहमीची मर्यादा 1024. पहिले तीन आधीच घेतलेले. म्हणजे 1021 डिरेक्टऱ्या उघडल्या की ‘टू मेनी ओपन फाइल्स’. घरच्या फोल्डरवर चालवा, लगेच उघडं पडतं.

रीडडिर संपलं तरी नल देतं, बिघडलं तरी नलच. दर वेळी आधी एरनो (एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करा; नल आल्यावर तो शून्यच असेल तर संपलं, नसेल तर बिघडलं.

ओपनला ओ_क्रिएट (फाइल नसेल तर बनव) दिलंत तर परवानग्यांचा तिसरा आर्ग्युमेंट हवाच, आणि तो 0666, पुढच्या शून्यासकट. शून्य गाळलंत तर दशमान 666 म्हणजे अष्टमान 1232. यूमास्क (नव्या फाइलच्या परवानग्यांतून काय गाळायचं ते सांगणारा आकडा) 022 असताना तुम्हीच बनवलेली फाइल तुम्हाला लिहिता येते, पण वाचता येत नाही. ‘परमिशन डिनाइड’ बघून सुडो मारणारे पुष्कळ. तो इलाज नव्हे.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर सी ड्राइव्हवर काम करू नका, तिथे परवानग्या लिनक्ससारख्या वागत नाहीत. लिनक्सच्या होममध्येच बसा. आणि मॅन पान (लिनक्समधलं माहितीचं पान) उघडताना ‘मॅन 2 स्टॅट’ असं लिहा. 2 गाळलंत तर त्याच नावाच्या कमांडचं पान उघडतं. पानं रुक्ष आहेत, कबूल, पण एकूण कॉल डझनभरच. दोनदा वाचले की बसतात.

राहिला पावसाळा. चवथीआधीचं (गणेशचतुर्थीआधीचं) सबमिशन आणि आपल्याकडचे वीज जायचे दिवस एकच. लॅबच्या पीसीला यूपीएस नसेल तर लक्षात ठेवा: राइट यशस्वी झालं म्हणजे माहिती डिस्कवर गेली असं नव्हे. ती कर्नलच्या मेमरीत असते आणि सुमारे 30 सेकंद तिथेच राहू शकते. महत्त्वाची फाइल बदलायची तर त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने नवी लिहा, एफसिंक (माहिती डिस्कवर उतरवणारा कॉल) करा, क्लोज करा, मग रिनेमने जुनीच्या जागी आणा. त्यानंतर डिरेक्टरी ओपन करून तिच्यावरही एफसिंक. फाइलचं नाव डिरेक्टरीत लिहिलेलं असतं, म्हणून ही शेवटची पायरी गाळायची नाही.