मॉरिस–निकल्सनच्या जमिनींचा माग कसा काढावा

1790च्या दशकातले अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचे जमीनव्यवहार वाचायला घ्याल तेव्हा जमिनीचा एकच तुकडा धरा. रॉबर्ट मॉरिस, जॉन निकल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ या जमिनीच्या सट्टेबाजांनी 1795 मध्ये काढलेल्या नॉर्थ अमेरिकन लँड कंपनीकडे सुमारे 60 लाख एकर होते. त्या आकड्यामागे लागलात तर भोवळ येते, हाती काही लागत नाही.

कागदांचा क्रम वॉरंट, मोजणी, पेटंट असा. वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम. राज्याकडून पूर्ण मालकी मिळते ती पेटंटने. एका वॉरंटवर साधारण 400 एकर मिळत, म्हणून सट्टेबाज उसन्या नावांनी अर्जांची चळत लावत. तेव्हा वॉरंटदार, म्हणजे ज्याच्या नावाने वॉरंट निघालं तो, हाच मालक असं कधीही धरू नका. त्याने लगोलग करून दिलेलं हस्तांतराचं छोटंसं खत शोधा, खरा खरेदीदार तिथे सापडतो. मोजणीच्या नकाशावर अंतरं पर्चमध्ये असतात: एक पर्च साडेसोळा फूट, 160 चौरस पर्चचा एक एकर. क्षेत्राशेजारी रस्त्यांसाठी सहा टक्के वाढ लिहिलेली असली, तर कागदावरचे 400 एकर जागेवर 424 भरतात.

ते उसनं नाव टिपून ठेवा, करासाठी तेच लागतं. वस्ती नसलेल्या जमिनीचा कर मालकावर नव्हे, जमिनीवर बसे आणि कौंटीच्या (जिल्ह्याच्या) यादीत ती बहुधा मूळ वॉरंटदाराच्या नावाने लागे. ‘मॉरिस’ शोधत बसलात तर थकबाकी आणि तिच्यापायी झालेला लिलाव, दोन्ही नजरेतून सुटतात.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या वचनचिठ्ठ्यांवर जामिनाची सही करत. एक बुडाला की दुसरा बुडणारच. म्हणून दोघांच्याही नावाचे कोर्टाचे निकाल पाहा. मॉरिस 1798 मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेला आणि 1800च्या दिवाळखोरी कायद्यामुळे 1801 मध्ये सुटला.

निकल्सन त्याच तुरुंगात 1800 मध्ये वारला. तो राज्याचा महालेखापाल होता. राज्याचं त्याच्याकडचं येणं त्याच्या जमिनींवर बोजा होऊन बसलं आणि त्याच्यामागेही उतरलं नाही. मला चीड येते ती इथे: पुढे पैसे मोजून तीच जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावर हे जुनं देणं. तुमच्या तुकड्याच्या मालकीच्या साखळीत निकल्सनचं नाव असेल, तर खरेदीखताची तारीख आणि बोजाची तारीख शेजारी मांडा, मगच पुढचा कागद उघडा.