जहाजावर जेवण वाढायला जाणाऱ्यांसाठी

सांगलीत मला भेटायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, किती देश बघितलेस?" देश बरेच बघितले, पण त्यातले बहुतेक दुपारचं जेवण आवरल्यावर आणि रात्रीच्या जेवणाची टेबलं लावायच्या आधी मिळणाऱ्या तीन तासांत. क्रूझवर माझं काम वाढण्याचं. हिंडणं त्यातून उरलेल्या वेळात होतं. हे आधीच मनाशी धरून गेलात तर ही नोकरी फार चांगली आहे. नुसते फोटो बघून गेलेली मुलं मी दुसऱ्या महिन्यात रडताना पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

माझे पप्पा लग्नाचे आचारी. सांगलीच्या गावभागात आमचं घर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मठ्ठ्याचा जग घेऊन पंगतीत फिरायची. पप्पांची एकच शिकवण होती, "पानाकडे बघ. हाक यायच्या आधी पोचलीस तरच तू वाढपी." पुढे बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुण्यात एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये दीड वर्ष काढलं, पण जहाजावर जे खरं उपयोगी पडलं ते पंगतीतलं शिक्षण. चांगल्या हॉटेलातला अनुभव मात्र आधी घ्याच. मुलाखतीत सगळ्यात आधी तोच विचारतात.

आता पैशांचं बोलते, कारण इथेच आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त फसतात. पहिल्या खेपेला एका एजंटाने माझ्याकडून ऐंशी हजार रुपये घेतले. ऑफर लेटर दिलं, त्यावर जहाजाचं नाव, शिक्का, सगळं होतं. ते जहाज त्या कंपनीकडे नव्हतंच. पप्पांनी ते पैसे लग्नसराईच्या उचलीतून दिले होते. ती रात्र मी विसरलेले नाही, म्हणून नियम पाठ करून ठेवला आहे आणि तुम्हीही करा. भारतातून जहाजावर माणसं पाठवणाऱ्या संस्थेकडे डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंगचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, तिथे नाव आणि नंबर दोन्ही जुळवून बघा. आणि २००६ च्या सागरी कामगार करारानुसार, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात आणि जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, नोकरी लावून देण्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी (म्हणजे खलाशाची वही) आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च मालकाचा. 'सर्व्हिस चार्ज', 'सीट बुकिंग' अशी नावं देऊन कोणी मागितले, तरी ते तेच पैसे.

कागदपत्रं फार अवघड नाहीत, फक्त क्रमाने करावी लागतात. आधी इंडोस नंबर, म्हणजे खलाशांच्या सरकारी नोंदीतला आपला नंबर, मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले प्राथमिक कोर्स: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, आणि जहाजाच्या सुरक्षेचा एक. नंतर सीडीसी. जहाज अमेरिकेच्या बंदरांत जाणार असेल तर जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सी-वन-डी व्हिसाची मुलाखत. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यायची, कारण दाखला दहाव्या दिवसापासून धरतात. मला पोहता येत नव्हतं आणि तलावात उडी मारायची आहे हे कळल्यावर पोटात गोळा आला होता. लाइफ जॅकेट अंगात असतं. एका हाताने नाक दाबायचं, दुसऱ्याने जॅकेट घट्ट धरायचं, समोर बघत पाऊल पुढे टाकायचं. तुम्हाला जमेल.

घरच्यांशी मात्र आधी मोकळेपणाने बोला. माझी आत्या म्हणाली होती, "पोरीला दारू वाढायला पाठवताय?" प्रश्न रागाचा असला तरी रास्त होता. ट्रेमध्ये वाइन असते, बीफ असतं, पोर्क असतं. आमच्या घरी मटण शिजतं, पण बीफ कधी नाही. पहिल्या दिवशी ती प्लेट उचलताना माझा हात अडखळला होता. मी ते खात नाही, पण ज्याने मागवलं त्याला नीट आणि गरम वाढते, असं मी मनाशी ठरवलं. तुमचं काय ठरतं ते सांगलीतच ठरवा. जहाजावर ते ठरवायला वेळ मिळत नाही.

मुख्य डायनिंग रूममध्ये संध्याकाळी बऱ्याच जहाजांवर दोन पाळ्या असतात. पहिली साधारण सहाची, दुसरी साडेआठच्या सुमारास. अगदी पहिली पंगत, दुसरी पंगत. वेटर आणि असिस्टंट वेटर अशी जोडी, आणि त्यांच्याकडे ठरावीक टेबलं. आमच्याकडे एका पाळीत बावीस-चोवीस माणसं असायची. तीच माणसं आठवडाभर त्याच टेबलावर येतात, म्हणून नावं पाठ करायची. कोणाला पाणी बर्फाशिवाय, कोणाला ब्रेड आधी, कोणती आजी काटा उजव्या हातात धरते, हे दुसऱ्या दिवशी न सांगता झालं की माणूस खुलतो. वाढणाऱ्याच्या हातात यापेक्षा मोठी गोष्ट नाही, असं मला मनापासून वाटतं.

गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, बघून पप्पांना काय वाटेल असा विचार मी कितीदा केला. सूपचं वेगळं, माशाचं वेगळं, गोडाचं वेगळं अशा खिडक्या. आपण एका बाजूने आत शिरायचं, झाकणं घातलेल्या प्लेट मोठ्या लंबगोल ट्रेवर एकावर एक रचायच्या, ट्रे खांद्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या दाराने बाहेर. उलट दिशेने पाऊलसुद्धा टाकायचं नाही. जमीन ओली असते आणि समुद्र खवळला की ती हलतेही. म्हणून न घसरणाऱ्या बुटांवर पैसे वाचवू नका. घरी पाण्याने भरलेल्या तांब्यांचं ताट खांद्यावर घेऊन मी गच्चीवर फेऱ्या मारायचे, त्याचा खरोखर उपयोग झाला.

अ‍ॅलर्जीबाबत एक चूक सांगते. एका बाईंना कोळंबीची अ‍ॅलर्जी होती. अशा पाहुण्यांची दुसऱ्या दिवशीची ऑर्डर हेड वेटर आदल्या रात्रीच घेतो आणि त्यांची प्लेट वेगळी बनते. घाईत मी त्यांच्यासमोर शेजारच्यांची प्लेट ठेवायला निघाले होते. माझ्या वेटरने मनगट धरलं. तो फिलिपिन्सचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. काही बोलला नाही, फक्त प्लेट बदलली आणि रात्री काम संपल्यावर मला बसवून सगळी पद्धत पुन्हा समजावली. तेव्हापासून अशी प्लेट मी वेगळी हातात आणते, ट्रेमध्ये इतर प्लेटबरोबर नाही.

स्वच्छतेचा धाक कल्पनेपेक्षा जास्त असतो. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथल्या आरोग्य खात्याकडून साधारण वर्षातून दोनदा न सांगता तपासणी होते. १०० पैकी गुण, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. सगळे त्याला 'यूएसपीएच' म्हणतात. थंड पदार्थ ५ अंशांपर्यंतच, गरम ५७ च्या वर, हात वीस सेकंद धुवायचे. पोटाचा नोरोव्हायरस बंद जहाजात झपाट्याने पसरतो, हे एकदा अनुभवलं की या नियमांचा कंटाळा येत नाही.

कामाचे तास मोठे असतात. एमएलसी कराराप्रमाणे चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळायला हवी आणि त्यातला एक सलग तुकडा सहा तासांचा हवा. पण सात-आठ महिने आठवड्याची सुट्टी नसते. केबिन दोघींत एक, खालच्या डेकवर, खिडकी नाही. क्रू मेसमध्ये भात रोज असतो आणि भारतीय बरेच असल्याने डाळही असते. तरी सांगलीचा भडंग बॅगेत असूदे. अर्ध्या जगाशी माझी ओळख त्या भडंगानेच करून दिली आहे.

बंदरांविषयी. जहाज बंदरात लागलं की सगळ्यांना उतरता येत नाही. आपत्कालीन कामासाठी काही जणांना आळीपाळीने जहाजावरच थांबावं लागतं, त्याला आयपीएम म्हणतात. म्हणून तुमची पाळी कधी आहे हे आधी बघा आणि मगच बेत करा. बंदर आणि शहर एकच असेल असंही नाही. 'रोम' म्हणून जाहिरातीत असतं ते चिवितावेक्किया, आणि तिथून रोमला आगगाडीने साधारण तासभर लागतो. मी त्या बंदराला सात वेळा लागले आणि रोम फक्त एकदा पाहिलं. याउलट नेपल्सला धक्क्यावरून चालत बाहेर पडलं की समोर किल्ला, मागे व्हेसुव्हियस, आणि वीस मिनिटांत साध्या मार्गेरिटा पिझ्झाचं दुकान. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जायचं. परतीची रांग धरून वेळ मोजा. घड्याळ कायम जहाजाच्या वेळेवर ठेवा. क्रूने पाहुण्यांच्या आधी परत यायचं असतं.

फिरण्याइतकीच बंदरात आणखी एक जागा शोधा, सीमेन्स सेंटर. मिशन टू सीफेअरर्स किंवा स्टेला मारिस या संस्थांची केंद्रं अनेक बंदरांत आहेत. तिथे वायफाय, चहा आणि बसायला खुर्ची मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका केंद्रात मी फोन चालू केला आणि सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा फोटो आला. धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलेलं. गावभाग पाण्यात. आई-पप्पांचा फोन लागत नव्हता आणि पावणेपाचला मला टेबलं लावायची होती. तिथल्या एका आजोबांनी मला गरम चहा दिला आणि जहाज सुटेपर्यंत स्वतःच्या फोनवरून नंबर लावत राहिले. फोन लागला नाही. त्या रात्री मी दोन्ही पाळ्या केल्या, कारण केबिनमध्ये एकटीने बसवलं नसतं. आई-पप्पा मिरजेला मामाकडे सुखरूप होते हे तिसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून निघण्याआधी घरी एक कागद भिंतीला लावून जा. त्यावर जहाजाचं नाव, कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, तुमचा क्रू नंबर. आणि तुमच्या वहीत गावाबाहेरच्या दोन नातेवाइकांचे नंबर, हाताने लिहिलेले. आमच्या घरी तो कागद आता देवघराच्या वरच्या फळीवर आहे, पुराचं पाणी पोचणार नाही इतका उंच.