तिथी पाहून निघावे : नेरूळ ते सीवूड्स-दारावे पायी

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ तलावाकाठची फरसबंद वाट, सारसोळे व करावे ही जुनी गावे आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ एका सकाळच्या पायपिटीत जोडता येतात. मात्र निघण्याची वेळ घड्याळापेक्षा तिथीवरून ठरवावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्यानुसार दोन्ही पक्षांतल्या एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास आणि द्वादशीला नऊच्या सुमारास येते. ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की तेथे चरणारे फ्लेमिंगो विश्रांतीसाठी या पाणथळीकडे वळतात, म्हणून आपण भरतीच्या वेळी तेथे असावे. अष्टमी-नवमीला भरती फार लवकर, सहा ते पावणेसातच्या सुमारास येते; शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती असते आणि पाणी फारसे चढत नाही, त्यामुळे मी एकादशी किंवा द्वादशीच निवडतो. ऋतू साधारणपणे नोव्हेंबर ते मे असा धरावा. नेमकी वेळ हवी असल्यास भरतीचे छापील कोष्टक पाहावे.

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी नेरूळ स्थानकावरून निघावे आणि सारसोळे गावातून तलावाकडे यावे. हा तलाव निव्वळ शोभेसाठी नाही. सखल भागातले पावसाचे पाणी भरतीच्या वेळी खाडीत उतरू शकत नाही. ते तोवर साठवून ओहोटीला सोडता यावे, यासाठी सिडकोने शहरात जे धारण तलाव ठेवले, त्यांपैकी हा एक आहे. त्याची फेरी सकाळी चालणाऱ्यांच्या गर्दीमुळे थोडी संथ होते. सायकल आणली असेल, तर प्रवेशाजवळचा फलक आधी वाचावा.

तलावापासून करावे गावापर्यंत सलग फरसबंदी मिळेल असे गृहीत धरू नये. पदपथ, वसाहतींतले रस्ते आणि गावातल्या अरुंद गल्ल्या अशी ही वाट आपणच जुळवून घ्यायची असते. पाणथळ खाडीच्या बाजूला असल्याने पाम बीच मार्ग ओलांडावा लागतो. तो सिग्नलवरच ओलांडावा, कारण तेथे वाहने फार वेगात असतात.

सकाळी सूर्य पाठीशी राहतो, त्यामुळे पक्ष्यांचा गुलाबी रंग स्पष्ट दिसतो. दुर्बीण न्यावी, काठावरून पाण्याकडे उतरू नये आणि थवा मान वर करून एका दिशेला सरकू लागल्यास मागे व्हावे. परतण्यासाठी सीवूड्स-दारावे स्थानक सोयीचे आहे. त्याच्या नावातले दारावे हेही इथले जुने गावच आहे, आणि वेळ असल्यास त्या गावातून स्थानकाकडे जावे.