वॉक-इन शॉवर: काच सगळ्यात शेवटी, आधी उतार

वॉक-इन शॉवर करायचा ठरला की घरचे लोक पहिल्यांदा काचेच्या दुकानात जातात. खरं काम मात्र जमिनीचं असतं. दार नाही, उंबरठा नाही, पाणी अडवायला एक काचेची फळी. बाकी पाणी कुठे जाणार ते उतारच ठरवतो. म्हणून इथे काच अगदी शेवटी येईल.

हिशेबासाठी शहरातल्या फ्लॅटमधलं नेहमीचं बाथरूम धरू: साडेसात फूट लांब, साडेचार फूट रुंद, दार आखूड भिंतीत.

हातोडा पडण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली, भिंत कशाची आहे. गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मायवान पद्धतीचे, म्हणजे भिंतीसुद्धा आरसीसीच्या. त्यात पाइपसाठी झरी मारायची नाही, कारण ती भिंत इमारतीचा भार घेते. अशा घरात शॉवरच्या बाजूला सिपोरेक्सची (हलक्या सिमेंट ब्लॉकची) तीन-चार इंची खोटी भिंत उभी करून पाइप आणि डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा) तिच्यात बसवतात. रुंदी तेवढी कमी होते, ती आखणीत आधीच धरा.

दुसरी, सांडपाण्याचे पाइप कुठे आहेत. जुन्या इमारतीत स्लॅब आठ-दहा इंच खाली सोडलेला असतो, त्याला संकन स्लॅब म्हणतात. पाइप त्या खड्ड्यात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. इथे नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचा पाणी धरून वास अडवणारा भाग, हलवता येतो. नव्या इमारतींत पाइप बरेचदा स्लॅबखाली, म्हणजे खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये लटकतात. तिथे ट्रॅप हलवायचा म्हणजे खालच्यांचं छत उघडायचं आणि स्लॅबला भोक पाडायचं. त्या वाटेला जाऊ नका; आहे त्या ट्रॅपभोवती शॉवर आखा. कमोडचा चार इंची पाइप तर दोन्हीकडे जागचा हलवू नये.

तिसरी, पाण्याचा दाब. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच असते, म्हणजे ०.३-०.४ बार. मोठ्या रेन शॉवरमधून तिथे थेंब ठिबकतील. नळ पूर्ण सोडून २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. दोन मिनिटांच्या आत भरली तर मिनिटाला दहा लिटर मिळतात, आठ इंची शॉवरला ठीक. त्याहून जास्त वेळ लागला तर लहान शॉवर घ्या किंवा प्रेशर पंपाचा खर्च धरा.

गीझरचंही गणित करून ठेवा. २५ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी, नळाचं २५ अंशांचं, अंगावर ४० अंश हवं: मिळून साठेक लिटर होतं. मिनिटाला दहा लिटरने सहा मिनिटं, तेही कागदावर. दोन किलोवॉटच्या गीझरला ते पाणी पुन्हा तापवायला अर्धा तास लागतो. सकाळी रांगेत चार जण असतील तर हे आधी घरात बोलून घ्या.

सोसायटीला लेखी कळवा. कामाच्या वेळा, लिफ्ट आणि राडारोडा यांवरून भांडणं होतात. कोबा पूर्ण काढला तर या मापाच्या बाथरूममधून ऐंशी-नव्वद गोण्या निघतात. खालच्या घराच्या छताचे फोटो तारखेसह आजच काढा. तुमच्या बाथरूमची गळती खाली गेली तर खर्च सहसा तुमच्याच माथी येतो, आणि डाग जुना की नवा या वादात फोटोच कामाला येतात.

आखणी

दारासमोरच्या टोकाचे तीन फूट शॉवरचे. उरले साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच: एका लांब भिंतीला कमोडसाठी ३० (मध्यापासून दोन्हीकडे १५) आणि दाराजवळ बेसिनला २४. कमोडपुढे २७ इंच मोकळे राहतात, तेवढे पुरतात.

काचेची फळी ३० इंची, कमोडच्या बाजूच्या भिंतीला लावलेली. तिच्यापुढे २४ इंचांची वाट. शॉवरचा दांडा काच असलेल्या त्याच बाजूच्या भिंतीतून काढा, म्हणजे पाणी काचेच्या आड पडेल. डायव्हर्टर त्याच्या समोरच्या लांब भिंतीवर, वाटेच्या हाताशी. दांड्याखालीच डायव्हर्टर बसवला तर रोज सकाळी गरम पाणी येईपर्यंत खांद्यावर गार पाण्याची धार सोसावी लागते. जास्तीचा पाच-सहा फूट पाइप लागतो, तो लागू द्या.

आणि बादलीची जागा सोडा. शॉवर कितीही देखणा असला तरी पाणीकपात होतेच, कपडे भिजवायचे असतात, आजीला तांब्यानेच आंघोळ करायची असते. जमिनीपासून १८ ते २० इंचांवर एक नळ ठेवा. त्याखाली बादली उभी राहील याची बादली घेऊन खात्री करा. वयस्कर माणूस असेल तर आधाराच्या दांडीची जागा आताच ठरवा. पोकळ ब्लॉकवर नुसता रावलप्लग टिकत नाही, तिथे आधी काँक्रीट भरून घ्यावं लागतं.

पातळी आणि उतार

बहुतेक फसलेले वॉक-इन शॉवर इथेच फसतात. प्लंबर अंदाजाने ट्रॅप बसवतो, नंतर लादीवाला येतो आणि ट्रॅपच्या तोंडाला जुळेल तसा उतार देतो. हे उलटं आहे. आधी भिंतीवर लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तयार जमिनीची रेघ मारायची, मग त्या रेघेवरून ट्रॅप.

आपल्या बाथरूमचं गणित असं. खोलीच्या लादीपेक्षा बाथरूमची लादी दारात १२ मिमी खाली. कोरड्या भागाला शंभरास एक उतार: साडेचार फुटांत १४ मिमी. शॉवरच्या भागाला पन्नासास एक: तीन फुटांत १८ मिमी. म्हणजे जाळीचं तोंड खोलीच्या लादीपासून ४४ मिमी, पावणेदोन इंच खाली. हा आकडा पेन्सिलने भिंतीवर लिहा आणि प्लंबर, लादीवाला दोघांना दाखवा. एवढं खाली जाता येत नसेल (लटकत्या पाइपच्या घरात हे होतं) तर शॉवरच्या कडेला १२ मिमीची ग्रॅनाइटची पट्टी लावा. चोख उंबरठाविरहित राहणार नाही, पण बाहेर तळं होण्यापेक्षा बरं.

कोपऱ्यातला चौकोनी ट्रॅप असेल तर उतार दोन दिशांनी येतो आणि मोठी लादी त्यात बसत नाही. तिरके काप पडतात, कडा वर राहतात. तिथे १२ बाय १२ इंच किंवा त्याहून लहान लादी घ्या. दारासमोरच्या भिंतीलगत लांब चॅनल ड्रेन टाकला तर उतार एकाच दिशेने, वाटेपासून दूर, आणि मोठी लादीही चालते. मात्र चॅनल उचलून आतले केस काढता आले पाहिजेत, आणि खाली ५० मिमी पाण्याची सील (वास अडवणारं साचलेलं पाणी) असलेला ट्रॅप हवाच. स्वस्त चॅनलमध्ये सील नावापुरती असते. उन्हाळ्यात चार दिवस घर बंद राहिलं की ती सुकते आणि घरभर वास.

पाइप

गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. समोर उभं राहिल्यावर डाव्या हाताला गरम. डायव्हर्टर ४० ते ४४ इंचांवर, वरचा शॉवर सात फुटांच्या आसपास. डायव्हर्टरच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार लादीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांमध्ये यायला हवा. प्लास्टर, चिकटा आणि लादी मिळून जाडी किती होणार ते मोजल्याशिवाय बॉडी पक्की करू देऊ नका. आत गेली तर वरची प्लेट बसत नाही, बाहेर राहिली तर फट दिसते, आणि दोन्हीवर उपाय एकच: लादी फोडणे.

जोड दिल्यावर एक दिवस थांबा. मग हातपंपाने १० किलोचा दाब देऊन दोन तास काटा बघा. काटा उतरला तर गळती शोधायची, "हवा असेल" हे उत्तर ऐकायचं नाही.

वॉटरप्रूफिंग

प्लास्टर आणि उताराच्या कोब्यात सिमेंटच्या गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंगचं द्रव्य घालतात, ते घाला, पण त्यावर विसंबू नका. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात गोलसर वाटा मारून घ्या. पाइप आणि ट्रॅपच्या कडा पॉलिमर मॉर्टरने भरा. त्यानंतर दोन घटकांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा.

किती लागेल? जमीन ३४ चौरस फूट, सगळीकडे भिंतीवर एक फूट म्हणजे २४, शॉवरच्या तीन भिंती सात फुटांपर्यंत म्हणजे आणखी ६३. एकूण १२० चौरस फूट, सव्वाअकरा चौरस मीटर. दोन हातांना चौरस मीटरला दीड ते दोन किलो धरलं तर १७ ते २२ किलो. कोणी चार किलोच्या डब्यात काम उरकलं तर ते रंगकाम झालं.

कोनाडा करणार असाल तर त्याच्या आतून पाचही बाजूंना कोटिंग, आणि तळाला बाहेरच्या बाजूला तीन मिमी उतार. सपाट कोनाड्यात साबणाचं पाणी साचून काळं पडतं.

कोटिंग वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून, दारात विटेचा बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास उभं करा. भिंतीवर खूण करा. खाली जाऊन छत बघा. दोन दिवस वाचवायला ही चाचणी टाळतात, आणि मग पावसाळ्यात खालच्यांचा फोन येतो. चाचणी झाल्यावर कोटिंगवर मॉर्टरचा संरक्षक थर लगेच द्या. उघड्या कोटिंगवर घमेली, फावडी आपटली की केलेलं सगळं वाया.

लादी

जमिनीला आर११ दर्जाची न घसरणारी लादी, किमान आर१०. भिंतीला सुमारे १५० चौरस फूट लागेल, दहा टक्के तोडफोड धरून १६५. चिकट्याची २० किलोची गोणी तीन मिमी थराला साधारण ४५ चौरस फूट पुरते. मोठ्या लाद्यांना थर जाड लागतो, म्हणून सहा गोण्या आणा. लादीमागे चार कोपऱ्यांत गोळे ठेवून चिकटवू देऊ नका. मधल्या पोकळीत पाणी शिरतं, सहा महिन्यांनी लादी ठणठण वाजते. पूर्ण पाठीला खाचेच्या थापीने चिकटा. सांध्यांना शॉवरच्या भागात इपॉक्सी ग्राउट; दोन मिमीपेक्षा बारीक सांधा ठेवला तर इपॉक्सी आत जातच नाही.

लादी लागली की काचेआधी एक बादली पाणी कोरड्या भागात ओता. दहा मिनिटांनी कुठे तळं उरलं तर तिथली लादी आत्ताच फोडून नीट करून घ्या.

आता काच

माप लादी लागल्यावरच, खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी. भिंत ओळंब्यात क्वचितच असते. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून चुकलेलं माप म्हणजे नवी काच. ३० इंच बाय ७ फुटांची १० मिमी काच चाळीसेक किलोची होते. एका बाजूला मोकळी असलेल्या फळीला १० मिमीच घ्या आणि वरून भिंतीपर्यंत आधाराचा दांडा. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का आहे का बघून घ्या.

खालचा यू-चॅनल जमिनीत स्क्रूने बसवायला देऊ नका. ड्रिलने वॉटरप्रूफिंगला भोक पडतं. जमिनीला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, स्क्रू फक्त भिंतीत, तेही भोकात सिलिकॉन भरून. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हार्डवेअर ३१६ ग्रेडचं घ्या, ३०४ वर तपकिरी ठिपके येतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग ठरलेले; आतल्या बाजूला हुक लावून एक वायपर टांगा.

सिलिकॉन लावल्यावर २४ तास आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये.