घरच्यांना कॉमिक्स वाचायला कशी द्यावीत

माझ्याकडे नऊशेच्या आसपास कॉमिक्स आहेत. त्यातली तीनशेवर बाबांनी घेतलेली. बाबा भुसावळला रेल्वेत होते. पगार झाला की स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्सचे अंक घरी यायचे आणि ते आधी कोण वाचणार यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. लग्नानंतर ती पत्र्याची पेटी माझ्याबरोबर डोंबिवलीला आली. पुढची मी जमवली: अप्पा बळवंत चौकातून, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून, ओळखीच्या रद्दीवाल्याकडून.

आमच्या घरात, नात्यात, शेजारी दुसरं कोणीही कॉमिक्स जमवत नाही. तरी आज त्यातले दहाबारा जण माझ्याकडून नियमित वाचायला नेतात. हे जमायला बरीच वर्षं गेली. काय केलं की जमतं, ते सांगते.

पहिली गोष्ट, कपाट उघडून दाखवू नका. मी कित्येक वर्षं तेच करत होते. पाहुणे आले की सगळे खण उघडायचे आणि हा अंक कसा मिळत नाही, त्या अंकाचं मूळ मुखपृष्ठ कसं टिकलंय, हे सांगत बसायचे. पाहुणे "छान जपलंय हो" म्हणायचे आणि विषय बदलायचा. वाचायला कोणीच काही मागायचं नाही. जमवणाऱ्याला अंकाचा क्रमांक, छपाई, सलग मालिका यांचं अप्रूप असतं. दुसऱ्याला गोष्ट हवी असते, आणि नऊशे पुस्तकांसमोर उभं राहून कोणालाच गोष्ट सापडत नाही. म्हणून कपाट बंद ठेवा. समोरच्या माणसाचा विचार करून एकच अंक आधी काढून ठेवा आणि तो हातात द्या.

तो एक अंक निवडणं हेच खरं काम आहे. माझ्या सासूबाई लहानपणी चांदोबा वाचायच्या. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला, म्हणजे अगदी त्यांच्या शाळेच्या दिवसांत. खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार धरून निघालेला विक्रम राजा त्यांना अजून आठवतो. एकदा मी त्यांना इंद्रजालमधला वेताळ, म्हणजे जंगलातला मुखवटेवाला नायक फँटम, वाचायला दिला. चार पानं उलटून त्या म्हणाल्या, "अगं, हा वेताळ झाडाला लटकत कसा नाही?" मी अमेरिकी लेखक ली फॉकच्या फँटमबद्दल सांगू लागले, तर त्यांचं लक्षच उडालं. चूक माझी होती. मला आवडणारा अंक मी दिला होता. पुढच्या वेळी रद्दीत मिळालेले चांदोबाचे तीन जुने अंक त्यांच्या उशाशी ठेवले. विक्रम-वेताळाचं ते ओळखीचं चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांचं नाव त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर चांदोबातून अमर चित्र कथेकडे आणि तिथून इंद्रजालमधल्याच बहादूरकडे त्या आपणहून आल्या.

बहादूर आमच्या शेजारच्या काकांनाही फार आवडला. काका पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. चित्रांची पुस्तकं पोरांसाठी असतात, हे त्यांचं ठाम मत. लेखक आबिद सुरतींनी १९७६ साली आणलेला हा नायक एका डाकूचा मुलगा आहे आणि तोच पुढे नागरिक सुरक्षा दल उभं करून डाकूंशी लढतो. मी काकांना एवढंच विचारलं, "गावकऱ्यांना हाताशी धरून असं दल खरंच उभं राहतं का हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंक परत घेऊन आले आणि त्यातलं काय पटलं, काय नाही, ते तासभर बोलले. अंक देताना एखादा खरा प्रश्न बरोबर द्या. ज्याचं उत्तर समोरच्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, असा.

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी भीमायन दिलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग त्यात चितारले आहेत; पुस्तक २०११ सालचं. मसूरच्या स्टेशनवर ताटकळलेली मुलं आणि महाडचं चवदार तळं हे आपल्या इथले प्रसंग, पण पानावर नेहमीच्या चौकटी नाहीतच. मऊ बोलणाऱ्याच्या तोंडचा संवादाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. तिनं ते स्वतः शोधलं आणि रात्री दहा वाजता मला फोन केला. काही गोष्टी आपण सांगायच्या नसतात, त्या सापडू द्यायच्या असतात.

आता एक मुद्दा, जो जमवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. लहानपणी कॉमिक्स न वाचलेल्या मोठ्या माणसाला कॉमिक वाचता येईलच असं नाही. नणंदेला मी दिलेलं पुस्तक तिनं वीस मिनिटांत संपवलं आणि म्हणाली, "काही कळलं नाही." तिनं फक्त अक्षरं वाचली होती, चित्रांकडे बघितलंच नव्हतं. शिवाय एका चौकटीत दोन फुगे असले की आधी कोणता, हे तिला उमगत नव्हतं. तेव्हापासून पहिली चार पानं मी शेजारी बसून वाचते. चौकटीवर बोट ठेवून सांगते: डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जायचं, जो फुगा वर, तो आधी. शेपूट असलेला फुगा म्हणजे बोलणं, ढगासारखा म्हणजे मनातलं, काटेरी म्हणजे ओरडणं, आणि चौकोनी पट्टी म्हणजे गोष्ट सांगणारा बोलतोय. मग एका चौकटीपाशी थांबून विचारते, "ह्या आणि पुढच्या चित्राच्या मध्ये काय झालं असेल?" ते मधलं न काढलेलं आपण मनात भरायचं असतं. एकदा हे कळलं की माणूस आपोआप सावकाश वाचतो. नणंदेनं तेच पुस्तक परत मागून नेलं.

वयस्कर माणसांसाठी मी मोठ्यानं वाचते. जुन्या इंद्रजालची अक्षरं बारीक आणि छपाई कुठे कुठे फिकी. मी वाचते, ते चित्र बघतात. दुपारी अर्धा तास, एकच गोष्ट. त्याहून जास्त नको.

गोष्ट वाचून झाली की मगच तिच्यामागची हकीकत सांगा. वाचायच्या आधी ती व्याख्यान होते, वाचल्यावर तीच बक्षिसासारखी लागते. अनंत पै यांची हकीकत तर प्रत्येकाला आवडते. १९६७ साली दिल्लीत त्यांनी दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक दैवतांची उत्तरं येत होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. पै त्याआधी इंद्रजालच्या कामात होते. मग त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली, आणि राम वाईरकरांनी चितारलेला कृष्ण घरोघरी गेला. ही हकीकत ऐकून सासूबाई लगेच नातवाकडे वळून म्हणाल्या, "सांग बरं, रामाच्या आईचं नाव काय?" इंद्रजालच्या वाचकांना मी दुसरी एक गंमत सांगते. मूळ इंग्रजी वेताळकथेतल्या चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं. आपल्याकडे लोक दुखावतील म्हणून ते 'सिंगा' केलं, आणि वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, तो घोटाळा नको म्हणून ते डेंकाली ठेवलं. हे ऐकलं की लोक अंक परत उघडून ती नावं शोधतात.

किंमत मात्र कधी सांगू नका. एका जुन्या अंकाला आज काय भाव येतो, ते मी एकदा जेवणाच्या पंगतीत बोलून गेले. त्यानंतर कोणी त्याला हात लावायला तयार होईना.

याच कारणासाठी प्रती दोन प्रकारच्या ठेवा. जपायची प्रत वेगळी, वाचायची वेगळी. कव्हर नसलेले, कोपरे दुमडलेले अंक रद्दीत स्वस्त मिळतात. ते मी मुद्दाम घेते. अमर चित्र कथेच्या नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात, त्याही वाचायला चालतात. वाचायची प्रत पोरांनी लोळून वाचली, चिवडा खात वाचली तरी माझ्या कपाळाला आठी पडत नाही. दुसऱ्याला आपल्या घरात मोकळेपणी वाचता यावं, असं वाटत असेल तर एवढा खर्च करावा.

जुनी प्रत दाखवायचीच असेल, तर त्याची एक पद्धत ठरवा. जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायचं, वर स्वच्छ पंचा पसरायचा. हात धुऊन पुसायचे. पाणी, चहा दुसऱ्या खोलीत. सहा ते आठ अंकच मांडायचे. पुस्तक टेबलावरच उघडायचं, पूर्ण सपाट दाबायचं नाही, कारण गंजलेल्या पिनांपाशी कागद फाटतो. पान वरच्या कोपऱ्यातून बोटाच्या पेरानं उलटायचं, थुंकी लावून नाही. हे नियम मी तोंडानं कमी सांगते. पहिलं पान मी उलटते, बाकीचे बघून तसंच करतात. सहा वर्षांची मुलंसुद्धा.

कागदाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वाचायला द्यायचं तर पुस्तक जिवंत राहायला हवं. भुसावळच्या कोरड्या हवेत पंधरा-वीस वर्षं टिकलेले बाबांचे अंक डोंबिवलीच्या पहिल्याच पावसाळ्यात बुरशीनं डागाळले. मी पेटी भिंतीला टेकून ठेवली होती आणि अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले होते. आत ओल कोंडली. बेचाळीस अंक गेले. त्या दिवशी मी फार रडले होते. आता कपाट भिंतीपासून चार बोटं लांब आहे. अंक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांत, पाठीला पुठ्ठा लावून उभे. खणात ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे. डांबरगोळ्यांचा वास कागदात बसतो आणि मग वाचणाऱ्याचं डोकं दुखतं, म्हणून त्या मी बंद केल्या. जून ते सप्टेंबर जुने अंक घराबाहेर जात नाहीत. पावसाळ्यात वाचायचं तर माझ्याकडे या, भजी नंतर मिळतील.

घरी न्यायला देताना एका वेळी दोनच. खाकी पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. शंभर पानी वहीत नाव, अंक, तारीख, आणि आधीच असलेले दोष लिहून ठेवते: 'मागचं कव्हर अर्धं नाही', 'पान ७ वर शाई'. हे नेणाऱ्याच्या समोर लिहायचं, म्हणजे पुढे त्याच्या मनाला उगाच लागत नाही. पंधरा दिवसांनी मी फोन करते. "पुस्तक आणून दे" असं म्हणत नाही. "शेवट वाचलास का? कसा वाटला?" असं विचारते. वाचलं असेल तर माणूस पुस्तक घेऊन येतो, नसेल तर आजच वाचतो म्हणतो.

मुलांना जुनी कॉमिक्स देताना आपण स्वतः आधी एकदा वाचावीत. जुन्या चित्रकथांत देव आणि राजे गोरे, राक्षस काळे. वेताळाच्या जंगलात सगळे गोऱ्या माणसाचं ऐकणारे. मी असे अंक लपवत नाही, पण मुलांबरोबर बसून बोलते. माझ्या सावळ्या भाचीनं आठव्या वर्षी विचारलं होतं, "मावशी, माझ्या रंगाची माणसं नेहमी वाईट का?" त्या दिवशी आम्ही दोघींनी कपाटातले सावळे नायक शोधून काढले. फार नव्हते. हे मी तिला खरं सांगितलं.

तीच भाची आता कॉलेजात आहे आणि जपानी मांगा, म्हणजे तिकडची कॉमिक्स, वाचते. ती पुस्तकं शेवटाकडून उघडतात आणि चौकटी उजवीकडून डावीकडे जातात. आता ती माझ्या शेजारी बसते आणि पानावर बोट ठेवते. मी तिच्याकडून पुस्तकं आणते, तिच्या वहीत माझं नाव लागतं. तुमच्याकडून नेणाऱ्याला जे आवडतं, ते तुम्हीही मागून आणा. देणंघेणं दोन्ही बाजूंनी असलं की त्याला संकोच राहत नाही.

राहिलं फाटून आलेलं पुस्तक. ते येणारच. एका नातेवाइकानं अतिशय काळजीनं, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावून अंक परत दिला होता. टेप पुढे पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि काढायला गेलं तर छपाई सोलून येते. म्हणून पुस्तक देतानाच सांगून ठेवा: फाटलं तर तसंच आणा, तुकडासुद्धा टाकू नका, चिकटवू मात्र नका. मी पातळ टिश्यूची पट्टी आणि मैद्याची पातळ खळ वापरते. खळ ताजी शिजवायची, ब्रशनं नुसती पुसल्यासारखी लावायची, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबायचं. शक्य असेल तर ज्याच्या हातून फाटलं त्यालाच शेजारी बसवून हे करा. शेजारच्या काकांकडून बहादूरचं एक पान फाटलं, तेव्हा पट्टी त्यांनी धरली आणि खळ मी लावली. दुसऱ्या दिवशी पान सुकलंय का ते बघायला ते सकाळी साडेसातलाच आले, आणि जाताना पुढचा अंक घेऊन गेले.