बिडाचा सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर घरी दुरुस्ती कशी करावी

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा (कास्ट आयर्नचा) पाइप पन्नास-साठ वर्षं सहज टिकतो. पण तो सडतो आतून, बाहेरचा रंग मात्र धडधाकट दिसतो. सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचं जिवाणूंमुळे सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते आडव्या पाइपाची वरची बाजू खातं. तळ झिजतो तो वाहत्या गाळाने. म्हणून भोक बुजवायच्या आधी त्याच्या आजूबाजूचं बीड शाबूत आहे का, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. मी एकदा ते न पाहता लेप लावला आणि दोन महिन्यांत लेपाच्या शेजारीच पाइप फुटला.

आधी तपासणी

पेचकसाच्या मुठीने पाइपावर हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर बीड जाड आहे, बद्द आला तर ते पातळ झालंय. शंका येईल तिथे पेचकसाचं टोक दाबून पाहा. पोपडे निघाले किंवा टोक आत रुतलं, तर त्या भागावर लेप टिकणार नाही, तो कापूनच काढावा लागेल.

ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही, पाणी पाइपावरून ओघळत लांबवर जातं. पाइप पुसून कोरडा करा, त्यावर कोरडा कागद गुंडाळा आणि वरून पाणी सोडायला सांगा. कागद सर्वांत आधी भिजेल ती खरी जागा.

कामाला हात घालण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना संडास, मोरी, सिंक वापरू नका म्हणून बजावा. हातमोजे, चश्मा, मास्क हवेतच. खिडक्या उघडा, कारण या पाइपांतला वायू विषारी असतो आणि पेटही घेतो.

बारीक भोक किंवा छोटा तडा

तारेच्या ब्रशने आणि सॅंडपेपरने गंज घासून चकचकीत धातू उघडा करा. तड्याच्या चारही बाजूंना ५ सेंटिमीटर तरी. मग जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. एपॉक्सी पुट्टी (दोन रंगांचे भाग एकत्र मळल्यावर कडक होणारा लेप) घ्या, तिचे दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळा, आधी अंगठ्याने भोकात दाबून भरा, मग वरून साधारण १ सेंटिमीटर जाडीचा थर द्या. पाकिटावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत थेंबभरही पाणी सोडू नका.

जुन्या जोडातून, म्हणजे शिसं आणि काथ्या भरलेल्या सांध्यातून झिरपत असेल, तर बोथट छिन्नी लावून शिसं हळूहळू आत ठोकून घट्ट बसवता येतं. ते वितळवायला मात्र जाऊ नका, त्याची वाफ विषारी असते.

सडलेला तुकडा बदलणं

कापण्याआधी दोन्ही बाजूंना पाइप पट्टीने भिंतीला किंवा छताला पक्का आवळून घ्या. बीड जड असतं. आधार नसेल तर कापताक्षणी वरचा भाग खाली येतो.

सडका भाग संपल्यावर दोन्हीकडे १० सेंटिमीटर सोडून खुणा करा. साखळीचा कटर झटपट काम करतो, पण जुनं पातळ बीड त्याच्या दाबाने चिरडतं. अशा वेळी मी धातू कापायची चकती लावलेला ग्राइंडरच वापरतो. ठिणग्या उडतात, म्हणून आधी हवा खेळती करून घ्या. काप घेतल्यावर उघड्या तोंडांत ओल्या फडक्याचा बोळा घाला आणि शेवटी तो काढायला विसरू नका.

नवा पीव्हीसीचा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा ५ मिलिमीटर आखूड कापा. बीड आणि पीव्हीसी यांचा बाहेरचा व्यास बहुधा जुळत नाही, तेव्हा दोन्हींचा घेर दोरीने मोजून ३.१४ ने भागा आणि त्या मापांची, स्टीलचं कवच असलेली दोन रबरी कपलिंग (पाइपांची टोकं जोडणाऱ्या रबरी नळ्या) आणा, प्रत्येक टोकाला एक. कवच आधी पाइपावर सरकवून ठेवा. मग रबर चढवून त्याचा अर्धा भाग मोज्याच्या काठासारखा मागे दुमडा, तुकडा बसवा आणि दुमड उलगडून त्यावर ओढा. कवच रबरावर आणून त्याच्या दोन्ही पट्ट्या आळीपाळीने आवळा. आडव्या पाइपाला मीटरमागे २ सेंटिमीटर उतार राहू द्या.

जमिनीखालचा पाइप किंवा अनेक मजल्यांचा भार पेलणारा उभा पाइप असेल, तर तो घरी कापू नका, प्लंबरला बोलवा.

सगळं झाल्यावर सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि जोडाभोवती पुन्हा कोरडा कागद गुंडाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गरम पाणी वाहून गेल्यावर, तो परत एकदा पाहा.