नागाने डोळा मारला आणि कथा आटोपली: अमानवी नायक लिहिताना या चुका टाळा

लोकांच्या कथा तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. पाकिटात विनोदी फँटसी निघाली आणि तिचा नायक राक्षस, भूत, ड्रॅगन किंवा बोलणारं मांजर असला, की पुढे काय काय वाचावं लागणार ते मला पहिल्या पानाआधीच कळतं. चुका त्याच त्या. लिहिणारे तेवढे बदलतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माणसाला शिंगं चिकटवली, शेपूट जोडली की राक्षस तयार झाला असं समजणं. आत आपला नेहमीचाच तिशीतला, नोकरीला वैतागलेला, प्रेमात आपटलेला गडी. शिंगं खोडून टाकली तरी कथेतलं एक वाक्य बदलावं लागत नाही. मग ती घातली कशाला?

मी काही वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. माझ्या एका कथेत कर्जवसुलीच्या कचेरीत कारकून असलेला नाग होता. खुर्चीत वेटोळं घालून बसायचा, फोन घ्यायचा, साहेबांची बोलणी खायचा. शेवटच्या प्रसंगात तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंना डोळा मारतो, असं मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं. संपादकांकडून कथा परत आली. समासात पेन्सिलने एवढंच: ‘सापाला पापण्या नसतात.’

मी तणतणत फोन केला. ‘अहो, साप फोनवर बोलतो ते चालतं, आणि पापण्यांवर अडलं?’ ते शांतपणे म्हणाले, ‘तो बोलतो हे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलंत, मी मान्य केलं. पापण्यांचं आपलं काही ठरलं नव्हतं.’

पुढचे आठ दिवस मी फक्त सापांबद्दल वाचलं. सापाच्या डोळ्यावर पापणीऐवजी एक पारदर्शक खवला असतो. बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आत पोचते. वास घ्यायला जीभ बाहेर काढायची आणि टाळूतल्या इंद्रियापाशी न्यायची. कात टाकताना डोळ्यावरचा खवलासुद्धा निघतो आणि त्याआधी काही दिवस डोळे दुधाळ, निळसर होतात, नीट दिसत नाही. हे वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. अख्खी कथा इथे पडली होती आणि मी डोळा मारत बसले होते.

नव्या खर्ड्यात कर्जदार भांडायच्या तयारीने येऊन नागासमोर बसतात. नाग काहीच करत नाही, नुसता त्यांचं बोलणं संपायची वाट बघतो. पण त्याची पापणी लवत नाही. तिसऱ्या मिनिटाला समोरचा माणूस, कुणी विचारलेलं नसताना, दुसरीकडून घेतलेल्या कर्जाचीही कबुली देतो. नागाचा रजेचा अर्ज: ‘कारण: कात. मुदत: तीन दिवस. त्याआधीच्या आठवड्यात नजर अधू असल्याने माझ्या सह्या घेऊ नयेत.’ वार्षिक सभेत साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणतात, ‘आता आपल्या संस्थेने कात टाकलीच पाहिजे!’ सगळे टाळ्या वाजवतात. नाग एकटा काळजीत पडतो आणि विचारतो, ‘सगळ्यांनी एकदम? आडोसा कुठे आहे?’

यातला एकही विनोद मी बसून रचलेला नाही. तेव्हापासूनची माझी सवय: लिहायला बसण्याआधी नायकाला न जमणाऱ्या पाच गोष्टी एका कागदावर लिहायच्या आणि तो समोर चिकटवायचा. पाचच. शक्तींची यादी कुणीही करतं, आणि तिचा विनोदाला काडीचा उपयोग नसतो.

राक्षसवाल्यांसाठी थोडं गणित. उंची दहापट केली की वजन हजारपट होतं, हाडाची जाडी मात्र काटछेदात शंभरपटच वाढते. गॅलिलिओने हा हिशोब 1638 सालीच मांडून ठेवलाय. म्हणजे तुमचा साठफुटी राक्षस उठून उभा राहताना मोडायला हवा. जादूने तरतो म्हणा, माझी हरकत नाही. पण ते एकदाच ठरवा आणि पाळा. मी असते तर त्याचे गुडघे दुखवले असते. गुडघे धरून ‘आई गं’ करत उठणारा राक्षस मला गर्जना करणाऱ्यापेक्षा कधीही चालेल.

दुसरी माझी लाडकी चूक मोबाइलची. दर तिसऱ्या कथेत परी, यक्ष नाहीतर परग्रहवासी मोबाइल बघून विचारतो, ‘हा चमकणारा दगड काय आहे?’ झालं हे करून! शंभरदा झालं. बरं, हाच प्राणी पुढच्या पानावर लिफ्टने चौथ्या मजल्यावर जातो आणि त्याला काहीच वाटत नाही. अज्ञान लेखकाच्या सोयीने येतं आणि जातं.

वस्तूंचं नवल लवकर ओसरतं. नवल वाटू द्यायचं ते आपल्याला दिसेनाशा झालेल्या गोष्टींचं. टॉलस्टॉयच्या एका कथेतल्या घोड्याला माणसांच्या गाड्या-कपड्यांचं काही वाटत नाही. तो अडतो ‘माझं’ या शब्दावर. ज्या जमिनीवर कधी पाऊल ठेवलं नाही तिलाही माणसं ‘माझी’ म्हणतात, हे काय आहे? रशियन समीक्षक श्क्लोव्स्कीने 1917 च्या निबंधात हाच घोडा उदाहरणाला घेतला. कथा अजिबात विनोदी नाही, पण युक्ती आपल्याच कामाची आहे. तुमच्या भुताला रांगेचं कोडं पडू द्या. पाहुणा दारात ‘येतो’ म्हणून निघून जातो, आणि बिचारा राक्षस पहाटेपर्यंत दार उघडं ठेवून बसतो, असं काही करा. मात्र शब्दशः अर्थ घेण्याचे विनोद एका कथेत एक, फार तर दोन. माझा वाटा मी वरच संपवलाय.

आता भराभर. भिंतीतून आरपार जाणारं भूत खुर्चीत कसं बसतं आणि जमिनीतून खाली का जात नाही, याचं उत्तर तुमच्याकडे असू द्या. ‘हे मानवा, मज सांग’ छापाची भाषा अर्ध्या पानानंतर कंटाळा आणते. गावात ड्रॅगन राहतो याचं लोकांना नवल आहे की नाही, ते पहिल्या प्रकरणात ठरवा. पात्रं एकमेकांच्या विनोदांवर खो खो हसत असतील तर वाचक हसत नसतो. उद्गारचिन्हं निम्मी काढा, मग उरलेली निम्मी काढा.

आणि कृपा करून विनोदांची यादी आधी करून ती कथेत टाचू नका. तशी कथा लगेच ओळखू येते. प्रत्येक पात्र विनोदाला वाट करून द्यायला बाजूला सरकतं. घाई हाच या सगळ्याचा मूळ रोग. एकाने मला सात खंडांचा आराखडा पाठवला होता. नकाशा होता, पाच हजार वर्षांचा इतिहास होता, बुटक्यांच्या चार बोलीभाषा होत्या. ‘मॅडम, मुखपृष्ठाचं काय करू?’ असा प्रश्नही होता. दोन पात्रं एका खोलीत समोरासमोर येतात असा प्रसंग मात्र एकही नव्हता. मी म्हटलं, तुमच्या बुटक्याला कपाटाच्या वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला लावा, दोन पानं लिहा, मग बोलू. अजून बोलणं झालेलं नाही.

नायक शेवटी माणूस होतो, हा शेवट मला सहन होत नाही. दोनशे पानं आम्हाला त्या शेपटीवर जीव लावायला लावता आणि मग तीच कापता?

माझी नागाची कथा पुढे छापून आली. महिन्याभरात एका वाचकाचं कार्ड आलं. कथा आवडली म्हणे, फक्त सहाव्या पानावर नाग खांदे उडवतो, ते कुठले? तेही कार्ड आता समोरच्या कागदाशेजारी चिकटवलंय.